डीएनएमध्ये युरॅसिल हे आरएनएतलं अक्षर का नाही? त्याजागी थायमिनचा एवढा खटाटोप कशासाठी?

सूक्ष्मदर्शी: आरएनएत ॲडेनिनची (ए) जोडी युरॅसिलशी (यू) दोन हायड्रोजन बंधांनी जमते, काही अडत नाही. थायमिन (टी) म्हणजे तेच युरॅसिल, फक्त पाचव्या कार्बनवर एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जास्त. तो गट जोडीच्या बाजूला येतही नाही. मग तेवढ्यासाठी पेशीने थायमिडिलेट सिंथेज (हा गट जोडणारं एन्झाइम), फोलेट (त्यासाठी लागणारं जीवनसत्त्व) हा सगळा कारखाना का चालवावा? 'डीएनए स्थिर राहावा म्हणून' असं पुस्तकात असतं. स्थिर म्हणजे नेमकं काय?

बेसजोडी: खरी खोड सायटोसिनची (सी) आहे. पाण्यात त्याचा अमिनो गट आपोआप गळतो आणि उरतं ते युरॅसिल. माणसाच्या एकेका पेशीत हे दिवसाला शंभरेक वेळा तरी होतं.

एक जागा धरून बघा. जी-सी (ग्वानिन-सायटोसिन) जोडीतल्या सीचा यू झाला. दुरुस्ती व्हायच्या आत प्रत निघाली तर त्या यूसमोर ए बसतो, पुढच्या फेरीत त्या एसमोर टी. जी-सीची ए-टी झाली, आणि आता ही चूक ओळखायला कुठलीच खूण उरली नाही.

हे वेळेत पकडतं युरॅसिल डीएनए ग्लायकोसायलेज हे एन्झाइम (शोध टोमास लिंडाल यांचा, १९७४; २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता). ते युरॅसिलला दुहेरी सर्पिलातून बाहेर वळवून आपल्या खोबणीत घेतं आणि साखरेशी असलेला बंध तोडतं. मग एपी एन्डोन्यूक्लिएज त्या रिकाम्या जागी डीएनएचा कणा कापतं, पॉलिमरेज बीटा (डीएनएची अक्षरं जोडणारं एन्झाइम) समोरचा जी बघून सी भरतं, लायगेज सांधा जोडतं. थायमिन त्या खोबणीत मावत नाही, त्याचा मिथाइल गट आडवा येतो. तुमचा 'बिनकामाचा' गट तो हाच! डीएनएत मुळातच युरॅसिल असतं, तर अस्सल यू कुठला आणि सडलेला सी कुठला, हे एन्झाइमने ओळखायचं कसं?

सूक्ष्मदर्शी: पटलं. पण मग आरएनएचं कसं भागतं?

बेसजोडी: एका जनुकाच्या आरएनए प्रती अनेक निघतात आणि लवकर मोडीत जातात. एखादी बिघडली तर मूळ डीएनए शाबूत असतो.

प्रतिलेखक: एक फट राहतेच. मिथाइल लागलेल्या सायटोसिनचा अमिनो गट गळला की थेट थायमिनच तयार होतं. ते डीएनएतलं रीतसर अक्षर, त्यामुळे वरचं एन्झाइम त्याला हात लावत नाही. जी-टी विजोड हेरणारी वेगळी एन्झाइम्स आहेत, पण ती कमी पडतात; म्हणून सीपीजी जागांवर (सीनंतर लगेच जी; मिथाइल लागतं ते बहुतेक इथेच) सी-टी उत्परिवर्तनं जास्त दिसतात. अपवादही आहे: बॅसिलस सबटिलिसवर वाढणारा पीबीएस२ विषाणू डीएनएत चक्क युरॅसिल वापरतो, आणि यजमानाचं ग्लायकोसायलेज बंद पाडणारं प्रथिनही स्वतःच बनवतो.

पिपेट: पीसीआर (नळीत डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) करणाऱ्यांना हे रोज उपयोगी पडतं. मिश्रणात डीटीटीपीऐवजी (थायमिनचा कच्चा माल) डीयूटीपी (युरॅसिलचा) घातलं की तयार होणाऱ्या प्रतींत युरॅसिल येतं. पुढच्या वेळी सुरुवातीला हेच ग्लायकोसायलेज घालून ५० अंशांवर २ मिनिटं ठेवा. मागच्या प्रयोगाच्या उडून आलेल्या प्रती निकामी होतात, नमुन्याचा थायमिनवाला डीएनए तसाच राहतो. नंतर ते एन्झाइम निकामी करायला ९५ अंशांवर १० मिनिटं.

दोन ठिकाणी फसगत होते. पीएफयूसारखं आर्कियातलं (जिवाणूंहून वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांतलं) पॉलिमरेज साच्यात युरॅसिल दिसलं की अडतं, तिथे टॅक हे जिवाणूतलं पॉलिमरेज घ्या. दुसरं, ई. कोलायचं ग्लायकोसायलेज ९५ अंशांनीही पूर्ण मरत नाही. नळी ४ अंशांवर रात्रभर राहिली तर ते नव्या प्रतीही तोडतं आणि सकाळी तपासणीच्या जेलवर डीएनएचा पट्टा फिका. काम संपेपर्यंत ७२ अंशांवर धरा, नाहीतर लगेच गोठवा.