मदत हवी आहे: पुलाच्या प्रतिकृतीत मधले कर्ण ढिले पडतात

अडलाहरी: बांगलादेशात पद्मा नदीवर असलेल्या हार्डिंज रेल्वे पुलाच्या एका स्पॅनची (दोन खांबांमधल्या भागाची) प्रतिकृती करतोय. शुक्रवारी दाखवायची आहे. आकार बरोबर उतरलाय, पण वजन डावीकडून आत सरकवायला लागलो की मधले कर्ण (तिरके भाग) लोंबतात आणि डेक (गाडीचा मार्ग) वाकडा होतो. टोकाकडचे ठीक राहतात. आणि फोटोत खान्याखान्यात (दोन उभ्या दांड्यांमधल्या जागेत) जे अर्धवट तिरके दांडे दिसतात ते शोभेचे आहेत का? गाळले तर चालतील? जाणकारांनी लवकर सांगा.

रिव्हेट: शोभेचे कसले! हा पेटिट ट्रस, म्हणजे दांड्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा, आहे. मूळ प्रॅट (मध्याकडे खाली उतरणारे कर्ण, पेटंट १८४४), वरची कॉर्ड (टोकापासून टोकापर्यंतचा दांडा) मधे उंच केलेली आणि प्रत्येक मोठा खाना दुभागलेला. स्पॅन ३४५ फुटांचा. एवढ्या लांबीला ट्रस उंच हवा, नाहीतर कॉर्डमधलं बल भरमसाट वाढतं. उंची वाढली की कर्ण ४५ अंशांच्या आसपास राहण्यासाठी खानाही रुंद करावा लागतो, आणि मग रुळांखालचे स्ट्रिंजर (रुळांच्या दिशेने टाकलेल्या तुळया) फार लांब होतात. म्हणून कर्णाच्या मध्यातून एक दांडा खाली सोडून त्यावर आणखी एक आडवा गर्डर टांगतात. तो मध्य सावरायला तो अर्धा तिरका. कर्ण कशाचे केलेत? वजन जॉइंटवर ठेवता की अधेमधे?

वॉरेनप्रेमी: सरळ वॉरेन ट्रस करा. त्रिकोणच त्रिकोण, कटकट संपली.

रिव्हेट: त्यांना हार्डिंज करायचाय.

गाळउपसा: सगळे ट्रसवरच अडकलेत. या पुलाची खरी करामत पाण्याखाली आहे. पद्मा पात्र बदलते. नदी शेजारून निघून गेली तर कोरड्यावर पूल ठेवून करायचं काय? म्हणून काठांवर दगडांनी मढवलेले बेल बंध (प्रवाहाला वळण लावणारे बांध) घालून तिला पुलाखालीच धरून ठेवलं. पायाच्या विहिरी (नदीतळात उतरवलेले पोकळ पाये) दीडशे फुटांहून खोल उतरवल्या. मुख्य अभियंता रॉबर्ट गेल्स, उद्घाटन मार्च १९१५. प्रतिकृतीत बंध दाखवा, परीक्षक खूश होतील.

कॅमेरावाला: चांगला फोटो हवा असेल तर शेजारचा लालन शाह पूल (२००४) बघा, रस्त्याचा आहे, तिथून अख्खी रांग दिसते.

भटक्या: अवांतर: १९७१च्या युद्धात याचा एक स्पॅन पडला होता ना? कोणी पाडला?

गाळउपसा: पडला, आणि पुढच्या वर्षी गाड्या परत सुरूही झाल्या. कोणी पाडला यावर दुसरा धागा काढा, इथे नको.

अडलाहरी: फोटो नकोय, युद्ध नकोय! कर्ण दोऱ्याचे आहेत, बाकी सगळं लाकडी. प्रॅटचे कर्ण ताणातच असतात, त्यात काय सांगायचं? वजन जॉइंटवरच ठेवतोय.

रिव्हेट: मेख इथेच आहे. सगळ्या स्पॅनवर सारखा भार असेल तर ते ताणात. गाडी डावीकडून नुकतीच आत शिरलीय असं धरा. तिच्या पुढे, पण मध्याच्या अलीकडे जो खाना आहे, तिथला शिअर (खान्याला वर-खाली कापू पाहणारं बल) उलटतो आणि कर्णावर दाब येतो. दोऱ्याला दाब कुठला पेलणार! खऱ्या पुलात पोलादाचं स्वतःचं वजन हा उलटा शिअर बऱ्याच अंशी खाऊन टाकतं. तुमचं लाकूड हलकं, त्यामुळे तो सगळा उघडा पडतो. मधल्या खान्यांत उलट दिशेनेही दोरा बांधून फुली करा. प्रॅटमध्ये जुना रिवाजच आहे तो, काउंटर म्हणतात.

गाळउपसा: फुली कशाला? डेकवर आधीच सगळीकडे वजन पसरा. खरा पूल तसाच वागतो.

रिव्हेट: वजन पसरून ते वाकलं तर? फुलीला दोन हात दोरा लागतो.

वॉरेनप्रेमी: म्हणूनच म्हणतो, वॉरेन!

रिव्हेट: वॉरेनच्या मधल्या कर्णांतही बल उलटतंच. तिथे दांडे असतात म्हणून कळत नाही, इतकंच.

अडलाहरी: फुली करतो. आणि ते अर्धे तिरके? तेही दोऱ्याचेच ओवलेत, वजन ठेवलं की तेही सैल.

रिव्हेट: कर्णाच्या मध्यातून खाली, टोकाकडच्या जॉइंटला जातात की वर, मध्याकडच्या?

अडलाहरी: खाली.

रिव्हेट: मग ते दाबात. तिथे काड्या लावा. वर गेले असते तर दोरा चालला असता.