पेरी काउंटी कशासाठी लक्षात ठेवायची: आगीसाठी, दारूसाठी की संघटनेसाठी?

कोलंबसवासी
अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आग्नेय भागात पेरी काउंटी, म्हणजे एक जिल्हा, आहे. न्यू स्ट्रेट्सव्हिल, शॉनी, कॉर्निंग, रेंडव्हिल ही तिथली कोळशाची गावं १८७०च्या दशकात रेल्वेबरोबर उभी राहिली. लोहखनिजही तिथलंच, त्यामुळे लोखंडाच्या भट्ट्याही पेटल्या. पुढे सुपिरियर सरोवराकडचं कसदार खनिज स्वस्तात येऊ लागलं आणि त्या विझल्या.

आज कुणालाही विचारा, दोनच गोष्टी सांगतील: १८८४ पासून जमिनीखाली धुमसणारी खाण आणि न्यू स्ट्रेट्सव्हिलला दरवर्षी मे महिन्यात भरणारी हातभट्टीच्या दारूची जत्रा. मला हे मनापासून खटकतं. १८८४ मध्ये खाणमालकांनी कामगारांची टनामागची मजुरी ७० सेंटवरून ६० वर आणली. संप झाला, तर कामगार संघटना सोडल्याच्या करारावर सही करा म्हणाले, बाहेरून मजूर आणले, बंदूकधारी पहारेकरी नेमले. त्या चिडीतून काही जणांनी जळत्या कोळशाच्या गाड्या खाणीत ढकलल्या. गावाला लागूनच रॉबिन्सन्स केव्ह नावाची कपार आहे. मालकांच्या माणसांना पत्ता लागू नये म्हणून कामगार तिथे बैठका घेत. १८९० मध्ये ओहायोची राजधानी कोलंबसला युनायटेड माइन वर्कर्स ही खाणकामगारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, तिची एक वाट या कपारीतून जाते. जत्रेला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

डोंगरमाथा
साफ असहमत. अमेरिकेतल्या दारूबंदीचा (१९२०-३३) काळ हा इतिहास नाही का? खाणी बंद पडत चालल्या होत्या, घरात खाणारी तोंडं होती. लोकांनी पडीक खाणींत भट्ट्या लावल्या. आगीचा धूर आधीच असल्यामुळे भट्टीचा धूर वेगळा ओळखू येत नसे. तिथली दारू शिकागोपर्यंत नावाजलेली होती. पोटासाठी केलेल्या उद्योगाची गावाला लाज का वाटावी? जत्रेमुळे निदान लोक तिथवर येतात.

आणि आग लावणाऱ्यांना हुतात्मे करू नका. त्यांनी स्वतःच्याच नातवंडांचा कोळसा जाळला. १९३०च्या दशकात सरकारने आग कोंडण्यासाठी माणसं कामाला लावली, तरी ती पुरती विझली नाही. जमिनीतल्या भोकावर अंडी तळून पाहुण्यांना दाखवायची वेळ त्या गावावर आली होती.

कोलंबसवासी
हुतात्मे कुठे म्हटलं मी? आग लावणं चूकच. पण आगीची गोष्ट सांगताना त्या कराराचं नावही निघत नाही, याला माझा आक्षेप आहे.

जुनी_कात्रणं
दोघंही रेंडव्हिल विसरलात. संघटनेची गोष्ट वाटते तितकी उजळ नाही. शिकागोचा खाणमालक विल्यम रेंड याने १८७९च्या सुमारास ते गाव वसवलं आणि कृष्णवर्णीय कामगारांना काम दिलं. १८८० मध्ये आसपासचे गोरे खाणकामगार हत्यारं घेऊन त्यांच्यावर चालून गेले. गव्हर्नरला सैनिक पाठवावे लागले. कपारीपाशी फलक लावायचा तर हेही त्यावर लिहा.

कोलंबसवासी
जरूर लिहा. पण तिथेच थांबू नका. त्याच रेंडव्हिलचा रिचर्ड डेव्हिस हा कृष्णवर्णीय खाणकामगार १८९०च्या स्थापनेत होता. पुढे तो संघटनेच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर दोनदा निवडून आला. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र लढावं म्हणून तो संघटनेच्या वृत्तपत्रात सतत पत्रं लिहीत राहिला. खाणमालकांनी त्याला काम देणं बंद केलं आणि १९०० मध्ये तो हलाखीत वारला. १८८६ मध्ये डॉ. आयझेया टपिन्स रेंडव्हिलचे महापौर झाले, ओहायोतले पहिले कृष्णवर्णीय महापौर. हल्ला झाला त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत! यापुढे हातभट्टी काय सांगता?

डोंगरमाथा
डेव्हिसबद्दल आदर आहेच. पण संघटनेने तरी त्याला काय दिलं? मालकांनी दार लावलं तेव्हा संघटनेनेही त्याला पगारी काम दिलं नाही. मोठेपणा त्या माणसाचा, संघटनेचा नव्हे.

जुनी_कात्रणं
हा मुद्दा बिनतोड आहे.

पाणवठा
तुम्ही माणसांत अडकलात, ओढ्याचं कुणी बोलतच नाही. कॉर्निंगजवळून जाणाऱ्या संडे क्रीकमध्ये जुन्या खाणींचं आम्लयुक्त पाणी अजून उतरतं. त्यातलं लोह हवेशी संयोग पावून गंजतं आणि तळाशी नारिंगी गाळ बसतो, तिथे मासे जगत नाहीत. खाली अथेन्स काउंटीत ट्रूटाउनला ओहायो विद्यापीठातले एक अभियंते आणि एक चित्रकार याच लोहापासून चित्रांचे रंग बनवण्याच्या मागे आहेत. माझ्या मते फलकाआधी पैसा इथे लागला पाहिजे.

कोलंबसवासी
ओढा साफ व्हावाच, त्यात वाद नाही. पण फलकाला असा पैसा लागतो किती? जत्रेच्या मंडपात डेव्हिसची दोन पत्रं मोठ्या अक्षरांत लावायला काय हरकत आहे?

डोंगरमाथा
मंडपात लावा, माझी ना नाही. जत्रेचं नाव मात्र बदलू देणार नाही.