मेट्रो विमानतळापर्यंत आली, पण आमची बोलेरो कोणी मोजली?

राळेगावकर : ‘नागपूरच्या विमानतळाला 2019 मध्येच मेट्रो मिळाली, तरी खेड्यातले लोक सवयीने रडतात,’ हे येथील कालचे टिपण वाचून राहवले नाही. ते स्थानक टर्मिनलच्या दारात नसून वर्धा मार्गावर आहे. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री घर सोडणाऱ्याला सकाळी सुरू होणारी मेट्रो काय कामाची? प्रवासाच्या मागणीचे अंदाज बांधताना महानगर क्षेत्राची हद्द नागपूर जिल्ह्यातच संपते. यवतमाळ-गडचिरोलीचा माणूस म्हणजे त्या हद्दीवर मोजलेले एक वाहन, एवढेच.

नियोजनवाला, नागपूर : आरोप अर्धवट माहितीवर आहे. हद्दीबाहेरचे भागही हिशेबात धरतात. शिवाय विमानप्रवाशांच्या वेगळ्या मुलाखती घेतात, कारण रोज कचेरीत जाणारा दहा रुपये वाचवायला बस धरतो, तर विमान गाठणारा वेळेच्या खात्रीसाठी जास्त पैसे मोजतो.

राळेगावकर : मुलाखत तिकीटवाल्याची घेता ना? माझा पुतण्या शारजाला निघाला, तेव्हा भाड्याच्या बोलेरोत आम्ही नऊ जण होतो. आजी मागच्या आडव्या बाकावर, पायांशी पापडांचा डबा. तुमच्या कागदावर प्रवासी एक. बाकीचे आठ जण आणि गाडीची परतीची फेरी कोणत्या रकान्यात गेली?

अंबानगरीचा : नागपूरसाठी एवढे डोके का फोडता? एप्रिल 2025 पासून आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान उडते. प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ द्या, रस्त्यावरची गर्दी आपोआप ओसरेल.

आरमोरीचा मास्तर : वा! सत्तरेक आसनांच्या विमानाने गर्दी ओसरणार! गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून 2022 मध्ये सेवा सुरू झाली, बंद पडली आणि डिसेंबर 2023 मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. मधल्या काळात तिकडचे प्रवासी नागपूरलाच आले असतील ना? धावपट्टी बांधली म्हणजे मागणी तयार होत नाही. अमरावतीला मिळाले की सगळ्या विदर्भाला मिळाले, हा तुमचा जुना समज आहे.

अंबानगरीचा : समज आमचा नाही, मत्सर तुमचा आहे. अकोल्याचे शिवणी विमानतळ वर्षानुवर्षे प्रवासी विमानाची वाट पाहत आहे. त्यावर का बोलत नाही?

आरमोरीचा मास्तर : शिवणी माझ्याच मुद्द्याचा पुरावा आहे, हे तुमच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

नियोजनवाला, नागपूर : धावपट्ट्यांचे भांडण बाहेर न्यावे. बोलेरोचा मुद्दा, नाइलाजाने, मान्य : पोहोचवायला आलेल्या गाडीच्या दोन फेऱ्या धरायलाच हव्यात, आणि निरोप देणाऱ्यांची संख्या शहरी सरासरीवरून काढू नये. मात्र आजींना एकदा मेट्रोत बसवून दाखवा, मग पुढे बोलू.

राळेगावकर : अवश्य बसवतो. पहाटे साडेतीनची गाडी तेवढी सोडा.