‘चरित्र अभिनेता’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न

ब्रिटिश नट डेनम एलियट (१९२२–१९९२) यांच्यावर मराठीत टिपण लिहायचं, तर अडचण पहिल्याच ओळीत येते. इंग्रजीत त्यांची ओळख ‘कॅरॅक्टर अ‍ॅक्टर’ अशी दिली जाते. आपल्याकडे याला कुठे ‘चरित्र अभिनेता’ लिहिलेलं दिसतं, कुठे ‘सहायक अभिनेता’. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद १

‘चरित्र अभिनेता’ हिंदीतून जसाच्या तसा आला आहे. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे नाटक-सिनेमातलं पात्रही आणि माणसाचं शीलही, त्यामुळे तिथे तो शब्द चपखल बसतो. मराठीनं हे अर्थ वाटून टाकले आहेत. जीवनकथा ते चरित्र, शील ते चारित्र्य आणि नाटकातला माणूस म्हणजे पात्र किंवा व्यक्तिरेखा. चरित्रकार, आत्मचरित्र, चरित्रपट ही सगळी मंडळी जीवनकथेच्या घरातली. ‘चरित्रनायक’ म्हणजे तर ज्याचं चरित्र लिहिलं तो. मग ‘चरित्र अभिनेता’ वाचल्यावर मराठी वाचकाला थोरामोठ्यांच्या भूमिका करणारा नट आठवला, तर दोष वाचकाचा नाही. काही ठिकाणी दुरुस्ती म्हणून ‘चारित्र्य अभिनेता’ केलेलं दिसतं. ते तर साफ चूक.

प्रतिसाद २

‘सहायक’लाही अडचण आहे. सहायक दिग्दर्शक म्हणजे दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणारा. सहायक अभिनेता मात्र कुणाच्या हाताखाली नसतो. पुरस्काराच्या नावात हा शब्द रुळला आहे, तिथे तो राहू द्यावा. ‘सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता’ म्हटलं की कुणाचा गोंधळ होत नाही. पण तो वर्ग एका सिनेमातल्या एका भूमिकेचा आहे, नटाच्या जातकुळीचा नाही.

हा फरक ब्रिटिश नट डेव्हिड सुशे यांच्याकडे पाहिलं की लख्ख दिसतो. ते स्वतःला कॅरॅक्टर अ‍ॅक्टरच म्हणवतात. १९८५च्या ‘थर्टीन अ‍ॅट डिनर’ या टीव्ही-चित्रपटात पॉयरो, म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या कथांमधला गुप्तहेर, होते पीटर उस्तिनॉव्ह आणि सुशे होते इन्स्पेक्टर जॅप, म्हणजे दुय्यम. पुढे १९८९ ते २०१३ या काळात पॉयरो स्वतः सुशे झाले, ७० भागांत. भूमिका मध्यवर्ती, पण काम करण्याची रीत तीच. मूळ कथा-कादंबऱ्या वाचून त्यांनी पॉयरोच्या लकबींची ९३ कलमांची यादी केली होती, अगदी चहा-कॉफीत साखरेच्या वड्या किती इथपर्यंत. अंग भरदार दिसावं म्हणून कपड्यांच्या आत गाद्या बांधल्या. चालणं, आवाज, उच्चार सगळं बदललं. स्वतःचं व्यक्तिमत्त्व मागे ठेवून दुसऱ्याचं पांघरायचं, हा या शब्दाचा गाभा. भूमिका लहान की मोठी, हा मुद्दा नंतरचा.

प्रतिसाद ३

मग ‘बहुरूपी’ का नको?

प्रतिसाद २

कारण बहुरूपी म्हणजे दारोदार सोंग घेऊन येणारा, हा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. शिवाय त्यात वेशांतरावर भर आहे. एलियट फारसं वेशांतर करत नसत. चेहरा तोच, पण डोळ्यांतली भीती किंवा थकवा दर वेळी वेगळा.

प्रतिसाद ४

‘कॅरॅक्टर’च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ठसा उमटवायचं हत्यार, आणि त्यावरून ठसा. मराठीत ‘ठसठशीत’ आहेच. म्हणून ‘ठसठशीत भूमिकांचे नट’ असं सुचवतो.

एलियट यांना हे शोभतंही. तरुणपणी, १९५०च्या दशकात, ते देखण्या तरुणाच्या भूमिका करत. खरा कस पुढे लागला. ‘अल्फी’मध्ये (१९६६) बेकायदा गर्भपात करणारा माणूस त्यांनी उभा केला. तो प्रसंग थोडा वेळच चालतो, तरी पूर्ण सिनेमाचा रंग पालटतो. याला ‘पाहुणा कलाकार’ म्हणू नये. पाहुणा कलाकार म्हणजे मोठं नाव क्षणभर डोकावून जातं तेव्हा, इथे तर भूमिकेचंच वजन आहे. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या इंडियाना जोन्सच्या पहिल्या सिनेमातला (१९८१) मार्कस ब्रॉडी गंभीर विद्वान आहे. तोच ब्रॉडी त्याच मालिकेतल्या १९८९च्या ‘लास्ट क्रूसेड’मध्ये गोंधळलेला, विनोदी होतो, तरी माणूस एकच वाटतो. हे फार अवघड काम आहे.

प्रतिसाद १

टिपणात पुरस्कार येणारच, तर सालं जपा. बाफ्ता या ब्रिटिश चित्रपट-पुरस्कारांतला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना लागोपाठ तीनदा मिळाला. ‘ट्रेडिंग प्लेसेस’मधला बटलर, ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मधला डॉक्टर, ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’मधला पत्रकार. सिनेमांची वर्षं १९८३, १९८४, १९८५ आणि सोहळ्यांची त्याच्या पुढची. दोन याद्या एकत्र कालवल्या की चार पुरस्कार झाल्यासारखं वाटतं. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’साठी ऑस्करचं नामांकन होतं. त्या वर्षी तो पुरस्कार मायकेल केन यांना गेला, म्हणजे ‘अल्फी’च्या नायकालाच. त्यांनाही तो सहायक अभिनेता म्हणूनच मिळाला. पुरस्काराचा वर्ग आणि नटाची जात वेगळी असते, याचा याहून चांगला दाखला नाही.

प्रतिसाद ५

टीव्हीबद्दल एक. ब्रिटिश इंग्रजीत ‘सिरीज’ म्हणजे बऱ्याचदा आपण ज्याला पर्व म्हणतो ते. पॉयरोच्या १३ सिरीज झाल्या, याचं भाषांतर ‘१३ मालिका’ केलं तर सुशे यांनी तेरा वेगवेगळ्या मालिका केल्या असं होतं. ‘एक मालिका, १३ पर्वं, ७० भाग’ असं लिहावं. तसंच ब्रिटिश नटांच्या माहितीत येणारा ‘रेप’ म्हणजे रेपर्टरी नाटकमंडळी. साप्ताहिक रेपमध्ये रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम असायची. ‘साप्ताहिक नाटकमंडळी’ एवढंच लिहिलं तर आठवड्यातून एकदा प्रयोग, असं वाचलं जातं.

प्रश्नकर्ता

सगळं धरून पहिली ओळ अशी करतो: ‘डेनम एलियट हे ठसठशीत, बहुधा दुय्यम भूमिकांसाठी नावाजलेले ब्रिटिश नट. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं विमान पाडलं गेलं आणि जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी नाटकं केली.’ नाम सापडलं नाही, विशेषणावर भागवलं. चालेल?

प्रतिसाद ४

चालेल.