एकाच फटीत फ्लॉस तुटतोय, रक्तही येतंय. मदत हवी आहे

घाईत_आहे
रात्री फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) करताना एकाच फटीत अडकतो, त्याचे तंतू सुटतात, कधी मधेच तुटतो आणि रक्त येतं. बाकी सगळीकडे ठीक. फ्लॉस बदलूनही पाहिला, तेच. "दोन वेळा दात घासा" हे कृपया सांगू नका, ते चालूच आहे. कोणता फ्लॉस घेऊ तेवढं सांगा.

सुतारपक्षी
"एकाच फटीत" म्हणजे कुठे? वर की खाली? दाढ की पुढचे दात? शेजारी फिलिंग किंवा कॅप आहे का? आत जाताना अडकतो की बाहेर काढताना? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

रोखठोक
फ्लॉसचा नाद सोडा आणि वॉटर फ्लॉसर घ्या, पाण्याच्या झोताने फटी साफ करणारं यंत्र. कोमट पाणी, सुरुवातीला सगळ्यात कमी दाब, टोक हिरडीच्या कडेशी काटकोनात. प्रत्येक फटीशी दोन सेकंद थांबायचं. तुटायला काही उरतच नाही.

पांढरा_बगळा
कोळशाची पेस्ट वापरत असाल तर आधी बंद करा. तिने दात पांढरे होत नाहीत, वरचे डाग खरवडले जातात, सोबत इनॅमलही झिजतं.

घाईत_आहे
कोळसा कुठून आला मधेच??
खाली उजवीकडची शेवटून दुसरी दाढ आणि तिच्या मागची, त्या दोघींच्या मधे. आत सहज जातो, वर काढताना अडकतो. गोळ्या काही नाहीत. फिलिंग आहेच की, पण ते दुखत नाही, त्याचा काय संबंध?

सुतारपक्षी
संबंध तिथेच आहे. आत जाताना अडकला असता तर दोन दातांचा स्पर्श घट्ट आहे एवढंच म्हणता आलं असतं. आत सहज जाऊन वर येताना अडकतो, म्हणजे फटीच्या आत, हिरडीजवळ, काहीतरी कड बाहेर आलेली आहे. फिलिंगचा ओघळ (बाहेर आलेला मसाला), किटण (दातावर कडक झालेला थर) किंवा नवी कीड, या तिघांपैकी एक. फिलिंग त्याच फटीच्या बाजूला असेल तर पहिला संशय ओघळावर.

दोन दातांमधल्या बाजूचं फिलिंग करताना दाताभोवती धातूची पातळ पट्टी लावतात आणि खालून पाचर ठोकून ती दाताला घट्ट टेकवतात. पाचर सैल राहिली की मसाला पट्टीखालून हिरडीकडे सरकतो आणि तिथेच कडक होतो. आरशात दिसत नाही, दुखतही नाही. त्या कडेखाली ब्रश पोचत नाही, प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचून राहतो, हिरडी सुजते आणि जरा धक्का लागला की रक्त.

फिलिंग नेमकं कुठल्या बाजूला आहे?

निळी_शाई
पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) चपटा, गुळगुळीत फ्लॉस घ्या. तो सहसा फाटत नाही.

सुतारपक्षी
फाटत नाही, म्हणूनच नको. खडबडीत कड तशीच राहणार आणि ती सांगणारी एकमेव खूण तेवढी जाणार.

निळी_शाई
कायमचा उपाय म्हणून नाही म्हटलं. डेंटिस्टकडे जाईपर्यंत ती फट रोज साफ व्हायला नको का? मेण लावलेला साधा फ्लॉस तुटला आणि तुकडा हिरडीत राहिला तर नवंच दुखणं.

घाईत_आहे, साधारण ४५ सेंमी तुकडा घ्या, मधल्या बोटांना गुंडाळा. आत गेल्यावर एका दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा बिलगवून हिरडीच्या कडेखाली जाईल तेवढाच न्या, मग दुसऱ्या दाताला. काढताना वर ओढू नका. जिभेकडचं टोक सोडा आणि गालाकडून आडवा ओढून काढा. तंतू अडकलाच तर दुसऱ्या फ्लॉसला मधोमध गाठ मारून ती फटीतून आडवी ओढा. टाचणी, काडी घालू नका.

रोखठोक
एवढ्या कसरतीपेक्षा पाण्याचा झोत बरा. त्याने हिरडीचं रक्त कमी होतं.

सुतारपक्षी
होतं. फिलिंगची कड मात्र पाण्याने घासली जात नाही.

तळटीप
क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक औषध) गुळण्या करा: ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. हिरडी आठवड्यात शांत.

निळी_शाई
एकाच फटीसाठी आख्ख्या तोंडावर औषध? शिवाय ते हिरडीच्या आत खोलवर पोचत नाही. दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, म्हणून दोन आठवड्यांपलीकडे सांगितल्याशिवाय घेत नाहीत. आणि पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो, ब्रश आणि त्यात अर्धा तास अंतर लागतं. गुळण्याच करायच्या तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे.

पांढरा_बगळा
ब्रशनंतर चूळ भरायचीच नाही, हे कुणी बोललं नाही अजून. फेस थुंका आणि थांबा. १४५० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लावून लगेच पाण्याने खळखळून धुतली तर बरंचसं फ्लोराइड बेसिनमध्ये.

तळटीप
मग तोंडात तो चिकट फेस ठेवून झोपायचं?

पांढरा_बगळा
दोन-तीनदा नीट थुंकलं की चिकट काही राहत नाही. पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यायची असते, जाहिरातीतल्यासारखी लांबलचक नव्हे.

घाईत_आहे
तुमचं झालं की माझ्याकडे वळा. जिभेने चाचपलं, फिलिंग पुढच्या दाढेला आहे, मागच्या बाजूला. म्हणजे त्याच फटीत. फोटो टाकू का?

सुतारपक्षी
फोटोत फटीचा आतला भाग येणार नाही. बाइटविंग एक्स-रे लागतो, दातांत पट्टी धरून काढतात तो. त्यात फिलिंगची कड दाताच्या रेषेबाहेर डोकावताना दिसते, किटण आणि कीडही कळते. डेंटिस्टला "रक्त येतं" एवढंच सांगितलंत तर स्केलिंग (किटण खरवडून सफाई) करून घरी पाठवतील. "या फटीत फ्लॉस वर काढताना फाटतो, फिलिंगची कड तपासा" असं बोट ठेवून सांगा. त्या जागी हिरडीची खोली मोजायलाही सांगा. ३ मिमीपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर आतूनही सफाई लागेल.

ओघळ लहान असेल तर बारीक बर (ड्रिलचं टोक) आणि घासपट्टीने तासून गुळगुळीत करतात. मोठा असेल किंवा खाली कीड असेल तर फिलिंग काढून नव्याने. खुर्चीतून उठण्याआधी तिथे फ्लॉस फिरवून दाखवायला सांगा.

रोखठोक
आणि वॉटर फ्लॉसर?

निळी_शाई
घ्या हो, पण फ्लॉसच्या जोडीला.

घाईत_आहे
बरं. तोवर त्या फटीत फ्लॉस बंद ठेवू?

सुतारपक्षी
नाही. बंद ठेवलात तर सूज वाढेल, रक्तही वाढेल. आडवा काढा, रोज. कड गुळगुळीत झाल्यावरही आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर परत दाखवा.