वय को-व्हेरिएट म्हणून टाकलं की गट सारखे होतात का?

निळीशाई
काल इथे एकाने लिहिलं, "दोन गटांच्या वयात फरक आहे? वय को-व्हेरिएट म्हणून टाका, विषय संपला." म्हणजे आकडेवारीच्या मॉडेलमध्ये वयही घाला, त्याचा परिणाम आपोआप वजा होतो. वाचून इतका त्रास झाला की सविस्तर लिहितेच.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. अल्झायमरचे रुग्ण सरासरी ६९ वर्षांचे, कंट्रोल गटात, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत, आमच्याच लॅबची पोरं, सरासरी २७. हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाचं, आकारमान काढलं, मॉडेलमध्ये वय घातलं, घसघशीत फरक आला. मी पेढेसुद्धा वाटले. गाईडबाई म्हणाल्या, आधी आलेख काढ. एक पुंजका डावीकडे, एक उजवीकडे, मधे कोरा कागद. मॉडेल दोन्ही गटांची तुलना ४८व्या वर्षी करत होतं आणि चाळिशी-पन्नाशीतला एकही माणूस आमच्या यादीत नव्हता!

त्यात हिप्पोकॅम्पस तरुणपणी फारसा बदलत नाही, साठीनंतर भराभर आकसतो. दोन्ही गटांना वयाबरोबर घटण्याचा एकच वेग (उतार) लावला की वयाची झीज आजाराच्या खात्यावर जमा होते. मिलर आणि चॅपमन या संशोधकांनी २००१ मध्येच बजावलंय: गट मुळातच ज्या बाबतीत वेगळे आहेत, ती बाब अशी वजा करता येत नाही.

आकडेमोड_दादा
ते वाक्य माझंच. तुमची चूक कंट्रोल निवडण्यातली, राग मात्र को-व्हेरिएटवर. पुरुषांचा मेंदू सरासरी दहाएक टक्के मोठा असतो. कवटीच्या आतलं आकारमान न धरता स्त्री-पुरुषांचा हिप्पोकॅम्पस मोजा, फरक दिसेल. ते धरा, बराचसा फरक जातो. हेही सोडून द्यायचं? आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले असतील, तर वय धरल्याने अंदाज अधिक नेमका होतो. नवख्यांना घाबरवू नका.

स्कॅनरशेजारची
वयावर एवढं भांडताय, डोक्याच्या हालचालीचं काय? मी एडीएचडीच्या (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) मुलांना स्कॅनरमध्ये झोपवते. कानाशी फोमचे तुकडे खोचते, पुतळा-पुतळा खेळायचं सांगते. एक आठ वर्षांचा मुलगा मान ताठ धरून होता, पण पायाचा अंगठा सारखा हलत होता. मी वीस मिनिटं त्याचं पाऊल हातात धरून उभी राहिले. नंतर आमचा शोधनिबंध तपासणाऱ्या समीक्षकाने लिहिलं, अर्ध्या मिलिमीटरच्या वर हललेले सगळे काढा. तोही गेला.

आकडेमोड_दादा
गेलाच पाहिजे. जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलंय, डोकं किंचित हललं तरी स्कॅनमध्ये मेंदूच्या जवळच्या भागांतले संबंध (एकाच वेळी सक्रिय होणं) फुगलेले दिसतात, लांबचे घटलेले. पाऊल धरल्याने डेटा शुद्ध होत नाही.

स्कॅनरशेजारची
तुम्ही कधी त्या खोलीत उभे राहिलात का? सगळ्यात चंचल मुलं काढून टाकल्यावर उरतात ती शांत झोपू शकणारी. मग पेपरच्या मथळ्यात "एडीएचडीचा मेंदू" कुठल्या तोंडाने लिहायचं? त्या मुलाची आई दोन एसट्या बदलून आली होती!

निळीशाई
ताई, हा माझाच मुद्दा आहे. हालचाल को-व्हेरिएट म्हणून घातली तरी तेच. चंचलपणा आजाराचाच भाग, तो वजा केला की आजाराचा तुकडा त्याच्यासोबत जातो. न घालावी तर दिसणारा फरक मेंदूचा की हलण्याचा, कळत नाही.

आकडेमोड_दादा
मग करायचं काय, तेही सांगा. नुसतं "हे चूक, ते चूक" लिहायला काही लागत नाही. "विषय संपला" हे शब्द मागे घेतो. तेवढेच. कवटीच्या आकारमानावर मी ठाम आहे.

निळीशाई
मुलांना आधी खोट्या स्कॅनरमध्ये सराव द्या, हलल्याचं पडद्यावर तिथल्या तिथे दाखवा. आमच्याकडे मी कंट्रोल बदलले. ओपीडीबाहेरच्या बाकावर आजींची फाइल मांडीवर घेऊन आजोबा बसलेले असतात. वय तेच, घर तेच, ताटातलं जेवणही तेच. त्यांनाच विचारायला लागले. बहुतेक जण लगेच हो म्हणतात.

आकडेमोड_दादा
म्हणजे रुग्ण बहुतेक बायका आणि कंट्रोल बहुतेक पुरुष. आता कवटीचं आकारमान गटाशीच बांधलं गेलं. ते कसं सोडवणार?

निळीशाई
हे खरंय. आजोबा रुग्ण आणि आजी सोबत, अशाही जोड्या शोधतेय. आतापर्यंत चार मिळाल्यात.