मदत हवी आहे: आयर्विन पुलाच्या मॉडेलमध्ये खांब जाड होतायत

सांगलीच्या आयर्विन पुलाचं मायक्रोस्केल (अगदी लहान प्रमाणातलं) लेगो मॉडेल स्टुडिओ या लेगो-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतोय. बेस १६×४८ स्टड (स्टड म्हणजे तुकड्यावरचा गोल उंचवटा; एका स्टडची जागा ८ मिमी), पूल ४ स्टड रुंद, रंग गडद राखाडी.

१×४ च्या कमानी सलग लावल्या की शेजारच्या दोन पायांचा मिळून खांब १६ मिमीचा होतो आणि मोकळा गाळाही १६ मिमीच. पूल कसला, तटबंदीच वाटते! १×६ ची कमान घेतली तर गाळा ३२ मिमी मिळतो, पण ४८ स्टडांत आठच कमानी मावतात.

आता १×४ च्याच कमानी ठेवून शेजारच्या दोन्ही पायांखाली मिळून एक १×२ प्लेट (पातळ चपटा तुकडा) आणि तिच्या मधोमध १×१ गोल प्लेटांचा ८ मिमी खांब, खाली जंपर (मधोमध एकच स्टड असलेली प्लेट), अशी रचना केलीय. यात १×२ प्लेटच्या पोटातली बारीक पिन गोल प्लेटच्या पोकळ स्टडमध्ये जायला हवी. बंद स्टड असला की पिन आडवी येते. स्टुडिओवर भरवसा नाही, पकड किती ते तिथे कळत नाही.

गोंद, कापाकापी नको. फाइल सूचनांसकट सगळ्यांना द्यायची आहे, म्हणून दुर्मीळ पार्टही नकोत.

हा जोड कोणी हातात करून पाहिलाय का? मॉडेल उचलताना टिकतो का, आणि पार्टवर ताण येतो का? नसेल जमत, तर खांबांमधलं ४ स्टडांचं अंतर न बदलता ८ मिमीचा खांब आणखी कसा बसवता येईल?